अशुभ संख्या आणि चारचौघे



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. भूतबाधा, करणी, नरबळी यांसारख्या भीषण अंधश्रद्धांच्या मानाने एखादी संख्या अशुभ मानणे ही अगदी निरुपद्रवी गोष्ट आहे, अशीच आपली समजूत असते. कुणी तेरा क्रमांकाची खोली नाकारली, तर आपण मनातल्या मनात हसतो आणि त्याला चौदा क्रमांकाची खोली देऊन मोकळे होतो. त्यात कोणाचे काय बिघडले, असे आपण विचारतो. या प्रश्नाला अनेकदा 'काही नाही' हेच उत्तर असते, हे मला मान्य आहे. परंतु नेहमीच ते उत्तर असते काय, याचा शोध आज आपण घेऊ या.

माझा व्यवसाय अनुवादाचा. एका भाषेतील शब्दाचा अर्थ दुसऱ्या भाषेत नेता येतो. त्याचा नाद सहसा नेता येत नाही, हा अनुवादकाचा रोजचा अनुभव आहे. या दृष्टीने पाहिले तर संख्यांइतके अनुवादसुलभ दुसरे काहीच नाही. सात म्हणजे सात. मग तो कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत लिहा. गणित ही सर्व मानवजातीची सामाईक भाषा होऊ शकली ती यामुळेच. नवल हे की, संख्या इतकी सहज देशोदेशी जाते, पण तिला चिकटलेले भय मात्र सीमेवरच अडते.

जपानचे उदाहरण घेऊ. जपानी भाषेत 'चार' या संख्येचा एक उच्चार 'शि' असा आहे आणि 'मृत्यू' या शब्दाचा उच्चारही 'शि' असाच आहे. नऊचा एक उच्चार 'कु'. 'कु' म्हणजे क्लेशही. एवढ्या उच्चारसाम्यावरून तेथील कित्येक रुग्णालयांत चार आणि नऊ या क्रमांकांच्या खोल्या ठेवल्या जात नाहीत, आणि बोलताना चारासाठी 'योन' हा दुसरा शब्द पुष्कळदा पसंत केला जातो. चिनी भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' यांच्या उच्चारांत केवळ सुराचा भेद आहे. हाँगकाँगमधील अनेक उंच इमारतींत चौथा, चौदावा, चोविसावा हे मजले नावापुरतेही आढळत नाहीत. उलट आठ या संख्येचा उच्चार भरभराटीच्या शब्दाशी जुळतो, म्हणून ती शुभ. बीजिंगच्या ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन २००८ सालच्या आठव्या महिन्याच्या आठ तारखेला रात्री आठ वाजता झाले, ते काही योगायोगाने नव्हे.

आता हे भय मराठीत आणून पाहा. येतच नाही. आपल्याकडे चार वेद आहेत, चार धाम आहेत, चार आश्रम आहेत. पाहुण्याला आपण चार घास खाऊन जाण्याचा आग्रह करतो. मुलाला चार गोष्टी सांगतो. चार पैसे गाठीला बांधावेत म्हणून राबतो. आणि याच चाराचा मृत्यूशी संबंध आपल्या भाषेतही आहेच की! माणसाची अखेरची यात्रा चौघांच्या खांद्यावरूनच होते. तरीही चौथ्या मजल्यावरचे घर मराठी माणूस त्या कारणाने नाकारीत नाही. तेव्हा एखाद्या संख्येचा मृत्यूशी संबंध जोडता येतो एवढ्यावरून ती भयावह ठरत नाही. तो संबंध मानण्याची समाजाला सवय लागावी लागते.

युरोपात तेराला भितात. ख्रिस्ताच्या अंतिम भोजनाला तेरा जण बसले होते, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. बारा ही महिन्यांची, राशींची भरलेली संख्या, तिच्यावर एक आगंतुक वाढला की तेरा होतात, असे दुसरे. पण त्याच युरोपात इटलीमध्ये सतरा ही संख्या अधिक अशुभ समजतात. रोमन लिपीत सतरा लिहिताना वापरलेल्या चिन्हांची जागा बदलली की 'विक्सी' असा लॅटिन शब्द तयार होतो. त्याचा अर्थ 'मी जगलो', म्हणजेच 'आता मी नाही'. ज्याला रोमन अंक ठाऊक नाहीत त्याला हे भय समजावून सांगण्यासाठी पानभर टीप लिहावी लागेल, आणि टीप वाचूनही तो भिणार नाही.

आपली स्वतःची उदाहरणे याहून निराळी नाहीत. दोघांचे बिनसले की आपण त्यांच्यात छत्तीसचा आकडा असल्याचे म्हणतो. देवनागरीत ३६ लिहिले की ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, एवढाच त्याला आधार. लिपी बदलली की भांडण मिटले! शिवाय विवाहासाठी पत्रिका जुळविताना याच छत्तीस गुणांचा मेळ सर्वोत्तम समजला जातो. भांडणाचा आकडाही छत्तीस आणि पूर्ण अनुरूपतेचा आकडाही छत्तीसच. तीन तिघाडा, काम बिघाडा असे म्हणणारे आपणच त्रिमूर्तीपुढे हात जोडतो आणि बेलाचे त्रिदळ वाहतो. तेराव्याचा विधी मृत्यूनंतरचा म्हणून नकोसा. पण धनत्रयोदशी सोनेखरेदीला उत्तम, प्रदोष शिवाला प्रिय, आणि समर्थ संप्रदायातला रामाचा मंत्रही तेरा अक्षरांचाच.

तेराविषयीची सर्वांत हृद्य कथा मात्र शीख परंपरेत आहे. गुरू नानक सुलतानपूर येथे दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात धान्य मोजून देत असत. एकदा मोजता मोजता ते तेरापर्यंत आले आणि तेथेच थांबले. कारण 'तेरा' म्हणजे 'तुझे'. पुढचे प्रत्येक माप त्यांनी 'तेरा, तेरा' म्हणतच घातले. सारे काही त्या ईश्वराचेच. जपानमध्ये उच्चारसाम्याने चाराला मृत्यू चिकटला. पंजाबात उच्चारसाम्यानेच तेराला समर्पण लाभले. असे असूनही स्वातंत्र्यानंतर त्याच पंजाबसाठी चंदीगढ नगर उभारताना ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात सेक्टर बारानंतर एकदम चौदा आला. आपल्या भूमीवरील तेराची कथा बाजूला राहिली आणि परक्या देशाचे भय नगररचनेत येऊन बसले. पुढे २०२० मध्ये मणिमाजरा आणि आसपासच्या काही वस्त्यांना सेक्टर तेरा हे नाव देण्यात आले. त्यामुळे तेथे जमीन खचल्याचे कोणी ऐकले नाही.

इथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा : ज्या भयाचा अनुवाद होऊ शकत नाही, त्याचे मूळ निसर्गात नसते. विस्तव मराठीत भाजतो आणि जपानीतही भाजतो. विषाला भाषा नाही. संख्येच्या अशुभत्वाला मात्र भाषा लागते, लिपी लागते, पंचांग लागते.

मग प्रश्न असा उरतो की, इतका लेचापेचा आधार असूनही हे भय टिकते कसे? माझ्या मते त्याचे कारण असे की, ते टिकविण्यासाठी त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागत नाही. तेरावा मजला गाळणारा बांधकाम व्यावसायिक स्वतः तेराला भीत असेलच असे नाही. ग्राहक भिईल, अशी त्याला भीती असते. ग्राहकाला विचारावे तर तोही म्हणतो, 'मी मानीत नाही. पण उद्या घर विकायचे झाले तर?' म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या भयाला भीत असतो, आणि मूळ भिणारा कोठे सापडतच नाही. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये तर यावर एक व्यवसायच निघाला होता. मेजवानीला ऐनवेळी तेराच पाहुणे उरले तर पानावर बसण्यासाठी भाड्याचा चौदावा पाहुणा मिळत असे. त्याच शतकाच्या अखेरच्या काळात न्यूयॉर्कमध्ये कॅप्टन विल्यम फाउलर यांनी 'थर्टीन क्लब' स्थापन केला. त्याचे सभासद तेरा-तेराच्या पंगतीने बसत, मुद्दाम मीठ सांडत आणि शिडीखालून जात. क्लबाने पुष्कळांची करमणूक केली. पण इमारतींतील तेरावा मजला काही परत आला नाही. नुसत्या थट्टेने हे भय जात नाही, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

या भयाचा पहिला अपाय बुद्धीला होतो. अपोलो-१३ हे यान ११ एप्रिल १९७० रोजी ह्यूस्टनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी एक वाजून तेरा मिनिटांनी चंद्राकडे निघाले, आणि १३ तारखेला त्यातील प्राणवायूच्या एका टाकीचा स्फोट झाला. तेराला भिणाऱ्यांना याहून अधिक काय हवे? पण चौकशी समितीने संख्येकडे न पाहता टाकीकडे पाहिले. टाकीतील तापनियंत्रक खटके २८ व्होल्टच्या विद्युत्पुरवठ्यासाठी बनविलेले होते. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत त्यांना ६५ व्होल्टचा पुरवठा मिळाला, ते निकामी झाले आणि आतील तारांचे आवरण जळाले. गंमत अशी की, ही टाकी मुळात अपोलो-१० साठी बसविलेली होती. तेथून काढताना ती थोडीशी आपटलीही होती. तिन्ही अंतराळवीर १७ एप्रिलला सुखरूप परतले, आणि टाकीची रचना सुधारूनच पुढचे यान पाठविण्यात आले. 'तेरा अशुभच' या उत्तरावर समाधान मानले असते, तर खटका तसाच राहिला असता. अशुभ संख्या हे उत्तर नव्हे. तो प्रश्न विचारणे थांबविण्याचा एक मार्ग आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. संख्या निर्जीव खरी. पण भय तर खरे आहे ना? भयाने माणूस मरू शकतो, मग संख्येनेही मरणार नाही काय? या शंकेची वैज्ञानिकांनीही दखल घेतली आहे. अमेरिकेतील डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ ते १९९८ या काळातील मृत्युनोंदी तपासून २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असे मांडले की, तेथील चिनी व जपानी वंशाच्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू महिन्याच्या चार तारखेला अधिक होतात. निष्कर्ष चटकदार होता आणि जगभर त्याला प्रसिद्धी मिळाली. परंतु पुढील दोन वर्षांत इतर अभ्यासकांनी निराळी आकडेवारी घेऊन, तसेच हाँगकाँगमधील नोंदी घेऊन तपासणी केली, तेव्हा चार तारखेचा असा प्रभाव त्यांना आढळला नाही. फेरतपासणीची बातमी मात्र मूळ बातमीइतकी दूर गेली नाही. शास्त्राच्या नावाने आलेली गोष्टही पुन्हा तपासून घ्यावी लागते, एवढा बोध यातून घ्यावा.

एका तारखेने माणसे मरत नसतील. पण एका वर्षाच्या भयाने माणसांच्या जन्मावर केवढा परिणाम होऊ शकतो, हे १९६६ मध्ये जपानमध्ये दिसून आले. आजच्या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे.

पूर्व आशियातील जुन्या कालगणनेत आपल्या संवत्सरचक्राप्रमाणेच साठ वर्षांचे एक चक्र आहे. दहा चिन्हे आणि बारा प्राणी यांच्या जोड्या क्रमाने येतात आणि साठ वर्षांनी तीच जोडी परत येते. त्यांतील त्रेचाळिसावी जोडी 'हिनोए-उमा', म्हणजे अग्नी आणि अश्व यांची. या वर्षी जन्मलेली मुलगी उग्र स्वभावाची निपजते आणि नवऱ्याचा घात करते, अशी समजूत जपानमध्ये रूढ झाली. एदो नगरातील एका भाजीविक्याची मुलगी ओशिची हिला आग लावल्याच्या आरोपावरून १६८३ मध्ये जाळून मारण्यात आले होते. ती १६६६ मधली, अग्नि-अश्वाच्या वर्षातली, असे लोक सांगू लागले. नाटकांनी आणि कथांनी ती घरोघर पोहोचविली.

जपानने १८७३ मध्ये जुने पंचांग अधिकृतपणे सोडून दिले होते. तरीही १९०६ साली हे वर्ष आले, तेव्हा कित्येक आईबापांनी मुलींच्या जन्माची नोंद मागच्या किंवा पुढच्या वर्षात केली. ज्यांची नोंद खरी झाली, त्या मुली वयात आल्यावर त्यांची लग्ने जमणे अवघड होऊन बसले. त्यांचा अपराध एवढाच की, त्या त्या वर्षी जन्मल्या.

यानंतरचे अग्नि-अश्ववर्ष १९६६ चे. हा जपान मागासलेला नव्हता. १९६४ मध्ये टोकिओला ऑलिंपिक सामने झाले होते आणि त्याच वर्षी जगातील सर्वांत वेगवान आगगाडी तेथे धावू लागली होती. साक्षरता जवळजवळ सार्वत्रिक होती. आणि तरीही काय घडले? १९६५ मध्ये जपानात सुमारे १८ लाख २४ हजार मुले जन्मली. १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार. १९६७ मध्ये १९ लाख ३६ हजार. एका वर्षात जन्मांची संख्या चौथ्या हिश्शाने घटली आणि पुढच्याच वर्षी पूर्ववत झाली. युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. संततिनियमनाची आधुनिक साधने आणि गर्भपाताची सोय या दोन्हींचा उपयोग एका जुन्या समजुतीच्या सेवेसाठी झाला. आधुनिक साधन हाती आले म्हणजे दृष्टी आधुनिक होतेच असे नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

याच्याही पुढची गोष्ट सांगताना मन जड होते. १९७५ मध्ये काकू या संशोधकाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत 'अपघात आणि हिंसा' या सदराखाली नोंदले गेलेले मुलींचे मृत्यू १९६६ मध्ये प्रमाणाबाहेर वाढलेले त्याला आढळले. या मुलींचा बळी एका लोकसमजुतीने घेतला काय, असा प्रश्न त्याने विचारला आहे. 'त्यात कोणाचे काय बिघडले?' या प्रश्नाचे उत्तर अशा एखाद्या आकडेवारीत मिळते.

त्या वर्षीच्या लक्षावधी आईबापांनी अग्नि-अश्वाच्या कथेवर विश्वास ठेवला होता, असे मला वाटत नाही. 'आम्ही मानीत नाही. पण उद्या हिच्या सासरचे मानतील, त्याचे काय?' हाच बहुतेकांचा विचार असला पाहिजे. त्यात माया होती आणि व्यवहारही होता. पण अशा समंजस आईबापांच्या बेरजेतूनच त्या समजुतीला बळ मिळाले. त्याच १९६६ च्या सप्टेंबरमध्ये जन्मलेली एक मुलगी, किको, १९९० मध्ये जपानच्या राजपुत्राशी विवाह करून राजघराण्यात गेली. राजघराण्याला त्या वर्षाचे वावडे वाटले नाही, आणि आकाशही कोसळले नाही. साठ वर्षांचे ते चक्र २०२६ मध्ये पुन्हा त्याच जोडीपाशी आले आहे. चक्र फिरणारच, त्याच्याबरोबर आपणही फिरावे की नाही, हे आपल्या हाती असते.

हे ऐकून जपानी लोकांविषयी नवल करण्यापूर्वी आपण आपल्या घरात डोकावून पाहू. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या मुळावर येते; मंगळाची मुलगी नवऱ्याला भारी असते; या समजुती आपल्याला भाषांतर करून सांगाव्या लागत नाहीत. येथे थोडे साधे गणित करून पाहा. पत्रिकेच्या बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानी मंगळ असला की दोष मानतात. बारांपैकी पाच स्थाने, म्हणजे ढोबळ मानाने शंभरातील बेचाळीस माणसे, स्त्रिया आणि पुरुषही, मंगळाची ठरतात. चंद्र सत्तावीस नक्षत्रांतून महिन्याकाठी एक फेरी घालतो, म्हणजे दर सत्तावीस मुलींमागे एक मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मणारच. या समजुती खऱ्या असत्या, तर आपल्या गावांतून धडधाकट सासरे आणि जावई दिसलेच नसते. ज्या संख्येने भय दाखविले, तीच संख्या नीट मोजली की भय घालविते. म्हणून संख्येला भिण्यावरचा उपाय संख्येपासून पळण्यात नाही. ती मोजण्यात आहे.

आपल्या संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, आणि त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचे कर्तव्यही आहे. कर्तव्य म्हटले की मोठमोठ्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. पण येथे ते अगदी लहान आहे. मुलीच्या जन्माची तारीख आणि वेळ असेल तीच लिहावी. अपघात झाला तर तारखेऐवजी कारण विचारावे. स्थळ पाहताना 'आम्ही मानीत नाही, पण...' यातील 'पण' मागे घ्यावा. खोली मिळत असेल तर तेरा क्रमांकाची खुशाल घ्यावी. आणि जो खरोखरच भितो त्याला हसू नये. त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर मोजावे.

मराठीतील चार या संख्येविषयी मी मघाशी बोलले. जपान्यांप्रमाणे आपण चाराला भीत नाही हे खरे; पण चारचौघांना मात्र भितो. चारचौघे काय म्हणतील, या एका प्रश्नापायी आपण मानीत नसलेल्या कितीतरी गोष्टी पाळतो. संख्येचे भय अखेर त्या चारचौघांचेच भय असते. ते चारचौघे कोण, म्हणून शोधू लागलो तर त्यांत एक आपण स्वतः असतो. तेव्हा निदान एकाने, म्हणजे आपण, भयाच्या बाजूने बोलायचे नाही असे ठरविले, तर त्यांची संख्या लगेच तीनावर येते.